उन्हाळी यात्रेतला मुक्काम आणि स्लीपिंग बॅग : तुमचे अनुभव सांगा

पारोळेकर

यंदा चैत्रोत्सवात पारोळ्याहून सप्तशृंगी गडावर पायी जातोय. पहिल्यांदाच. आई दरवर्षी म्हणते, देवीचं माहेर खानदेश, माहेरच्यांनी एकदा तरी चालत जावं. बारा वर्षं पुण्यात नोकरी, त्यामुळे जमिनीवर झोपायची सवय पार गेलीय. धुळं, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी असे पाच-सहा मुक्काम. मंडळाचा छोटा हत्ती सामान घेऊन पुढे जातो, पण माणशी एकच पिशवी अशी तंबी आहे.

मित्राकडे हिमालयात नेलेली एक स्लीपिंग बॅग पडून आहे. ममी आकाराची, म्हणजे पायाशी निमुळती, उणे पाच अंशांच्या थंडीसाठीची. फुकट मिळतेय. घरचे म्हणतात गोधडी ने. दुकानदार म्हणतो पंधरा अंशांची घे. उन्हाळ्यात यात्रेला, जत्रेला शाळेच्या ओट्यावर, नदीच्या पात्रात, शेतात, कुठेही झोपला असाल तर लिहा. काय नेलं, काय फसलं. सल्ला नको, अनुभव हवेत. (सल्ला दिलात तरी ऐकीन.)

गोणी

धुळ्याहून सात चैत्र चाललोय. पहिल्या वर्षी मीही अशीच मागून आणलेली ममी बॅग नेली होती. मालेगावच्या अलीकडे एका शाळेच्या ओट्यावर मुक्काम. ओटा सिमेंटचा, दिवसभर तापलेला. रात्री अकराला हात टेकवला तर भाकर नुकती उतरवलेल्या तव्यासारखा. डास होते म्हणून बॅगेत शिरलो आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. दहा मिनिटांत घामाने न्हालो. चेन उघडायला गेलो तर ती गुडघ्यापर्यंतच उघडणारी. वरचं अंग बाहेर, पाय भट्टीत. मग बॅगेवरच आडवा झालो. कापड गुळगुळीत, ओट्याला पाणी जायला दिलेला उतार. जाग आली तेव्हा दोन माणसं ओलांडून तिसऱ्याला टेकलो होतो. ते सत्तरीचे बाबा. माझी आणि बॅगेची झटापट ते मघापासून बघत होते. म्हणाले, "हाई काय लयनास रे भाऊ, गहूनी गोणी?" तेव्हापासून दिंडीत माझं नाव गोणी. इथेही तेच घेतलंय.

आता मुद्द्याचं. चैत्रात पायी चालणारे लोक रात्री पुरते झोपतच नाहीत. दोन-अडीचला उठायचं, ऊन चढायच्या आत नऊ-दहापर्यंत टप्पा गाठायचा. खरी झोप दुपारी, निंबाखाली किंवा कुणाच्या मळ्यात. तेव्हा अंगावर घ्यायचा प्रश्नच नसतो. सगळा प्रश्न अंगाखालचा. ढेकळं, काड्या, मुंगळे. म्हणून मी आता चौकोनी बॅग नेतो, जिची चेन एका बाजूने आणि पायाशीही पूर्ण उघडते. उघडली की सपाट दुलई. वीस अंशांची, वजनाला किलोभर.

आणि तिच्या खाली फोमची गुंडाळी. ही विसरू नका. बॅगेची ऊब आणि मऊपणा आतल्या तंतूंत अडकलेल्या हवेचा असतो. आपलं वजन पडलं की हवा निघून जाते, मग पाठीखाली उरतं नुसतं दोन पदरी कापड. तीन हजारांची बॅग आणि खाली उघडी जमीन, असे लोक दरवर्षी बघतो. पहाटे कंबर धरून उठतात.

गड मात्र वेगळा. कळवणपर्यंत घाम पुसत येता आणि वर पहाटे वारं सुटलं की तीच दुलई कानापर्यंत ओढता. त्या एका रात्रीसाठी ती नेल्याचं सार्थक होतं.

धाब्यावरचा

आयुष्यात स्लीपिंग बॅग घेतली नाही, घेणार नाही. आमच्या रावेरकडे वैशाखात रात्री नऊला सुद्धा पंख्याचं वारं गरम लागतं. बाज टाकायची, चादर पाण्यात पिळून अंगावर घ्यायची. हवा कोरडी असते, चादर वाळेपर्यंत थंडगार झोप लागते. वीस अंशांची बॅग घेऊन मले काय करायचं बॉ?

गोणी

@धाब्यावरचा, बाज छोट्या हत्तीत बसवून दाखवा, पुढच्या वर्षी तुम्हीच आमचे पुढारी.

बोरीकाठ

अमळनेरची यात्रा. वैशाखात बोरीच्या पात्रात, सखाराम महाराजांच्या समाधीपाशी. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. आमचे नेरकडचे पाहुणे आले की घरात जागा पुरत नाही, आम्ही पोरं पात्रात झोपायला जायचो. वाळूची गंमत सांगतो. संध्याकाळी अनवाणी उभं राहवत नाही, पण सिमेंट जसं मध्यरात्रीपर्यंत तापलेलं राहतं तशी वाळू राहत नाही. दहा-अकराला वरचा थर निवतो, पहाटे तर गार लागतो. आणि ती अंगाला जागा करून देते. कंबरेखाली वीतभर खळगा केला की फोमही लागत नाही.

पण बॅगेच्या चेनला वाळू म्हणजे काळ. माझ्या भाच्याची नवीकोरी बॅग दुसऱ्याच रात्री अर्ध्यात अडकली. ओढाओढीत आतलं कापड दातांत सापडलं आणि फाटलं. चेन लावताना दोन बोटं आतून कापडाच्या आणि दातांच्या मध्ये धरून सरकवायची, एवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वाळूत झोपणार असाल तर सतरंजी बरी. झटकली की झालं.

निळी बरणी

बायकांच्या बाजूने कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी आणि माझ्या जाऊबाई चाळीसगावहून चार वर्षं गडावर जातोय. उघड्यावर झोपताना बॅगेचा सगळ्यात मोठा फायदा ऊब नाहीच. चेन अर्धी लावली की साडी वर जाण्याची, पदर सरकण्याची चिंता राहत नाही. शंभर अनोळखी माणसांत निवांत डोळा लागतो. गोधडीत ते होत नाही, लक्ष तिच्याकडेच राहतं. आम्ही एक डाव्या चेनची आणि एक उजव्या चेनची अशा मुद्दाम घेतल्या. दोन्ही जोडल्या की एक मोठी होते, लेकरू मध्ये.

आकड्यांचं सांगते, कारण मी त्यात फसले होते. चांगल्या बॅगेच्या लेबलवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे असतात. ते मोजायचं एक मानक आहे, आयएसओ २३५३७. कम्फर्ट म्हणजे ज्या तापमानाला साधारण बाई निवांत झोपेल. लिमिट म्हणजे साधारण पुरुष अंग आकसून रात्र काढेल. एक्स्ट्रीम म्हणजे गारठ्याचा धोका पत्करून जेमतेम जीव तगेल. पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा यातला कुठला, ते आत उलटून बघायचं. माझ्या बॅगेवर 'दहा' होतं, ते लिमिट निघालं. गडावर यजमान घोरत होते आणि मी शाल शोधत होते. उलट पारोळेकरांची उणे पाचवाली! अहो, चैत्रात मालेगावला उणे पाच? देवीने जरी सांगितलं तरी नको.

आणखी एक. पॉलिस्टरचं कापड घामाच्या अंगाला चिकटतं. मी आत सुती पातळाचं अस्तर ठेवते, पिशवीसारखं शिवलेलं, तीन बाजू बंद. उकाड्यात नुसत्या अस्तरात झोपायचं, गार वाटलं तर अस्तरासकट बॅगेत. धुवायचं ते अस्तर, बॅग वर्षातून एकदाच.

टेंभा

माझा अनुभव यात्रेचा नाही, होळीचा. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी बघायला गेलो होतो. होळी पेटते पहाटे. तोवर रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या, कमरेला दुधी बांधून नाचणारे. खाली नंदुरबारला दुपारी उन्हाने डोकं भणभणलं होतं, म्हणून फक्त एक पातळ चादर घेतली. सातपुड्याने धडा शिकवला. तीनच्या सुमाराला दात वाजायला लागले. शेवटी दोन अनोळखी पावरा पोरांनी त्यांच्या घोंगडीत जागा दिली. ते नाचून आले होते, अंगं तापलेली, मी मध्ये. त्या घोंगडीला धुराचा आणि मोहाचा वास होता. हजार मीटर वर गेलं की साधारण सहा-साडेसहा अंशांचा फरक पडतो हे भूगोलात शिकवतो मी, तरी ही गत.

कोथळीकर

मुक्ताईच्या पालखीबरोबर ज्येष्ठात निघतो, पंढरपूरपर्यंत महिनाभर. सुरुवात उन्हात, शेवट पावसात. हौसेने एकाने पिसांची बॅग आणली होती, हलकी, उशीएवढी गुंडाळी. पहिल्या वळवात भिजली आणि पिसं गोळा होऊन कोपऱ्यात बसली, ओल्या कोंबडीसारखी. पुढचे वीस दिवस तिचं ओझं झालं. पॉलिस्टरची भिजली तरी पिळून दोन तास उन्हात टाकली की उभी राहते. बाकी खताच्या मोठ्या गोणीत बांधून ठेवा, त्याहून चांगलं रेनकव्हर बघितलं नाही.

आणि झोपायच्या आधी बॅग उलटी करून झटकायची. रोज. दुपारी पसरून ठेवलेल्या बॅगेत, पायाच्या टोकाशी, माझ्या समोर विंचू निघालाय. चेन पायाकडून उघडणारी असेल तर झटकणं सोपं जातं.

धाब्यावरचा

बाजेवर मला आजवर विंचू भेटला नाही. एवढंच सांगतो.

पारोळेकर

सगळ्यांचे आभार. मित्राची बॅग कालच परत दिली. चौकोनी घेतलीय, कम्फर्ट वीस, लेबल दुकानातच उलटून बघितलं (दुकानदार वैतागला). फोमची गुंडाळी लहान भावाच्या योगासनांतून पळवली. शनिवारी गच्चीवर एक रात्र झोपून बघितलं, दोनदा उठलो, पण कंबर शाबूत.

रविवारी गावी गेलो तेव्हा आईने बॅग हातात घेऊन आतून चाचपली, नाक मुरडलं, आणि काही न बोलता पेटीतून तिचं जुनं सुती पातळ काढलं. निळी बरणींचा मजकूर मी तिला वाचून दाखवलाच नव्हता. आता ती मशीनवर बसलीय आणि विचारतेय, तोंड किती मोठं ठेवू आणि पायाशी टीप एकेरी घालू की दुहेरी. कुणी शिवलंय का? जरा लवकर सांगा, ती थांबत नाहीये.

निळी बरणी

दुहेरीच. आणि एका बाजूला कोपरापासून बोटांपर्यंत हातभर फट ठेवायला सांगा, रात्री हात बाहेर काढता येतो.