डेटा खुला करायचा आहे, पण तो लोकांच्या बोटांच्या ठशांचा असेल तर?

अबोली_घाटकोपर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सल्ला खरंच हवाय.

मी मुंबईत फॉरेन्सिक सायन्समध्ये पीएचडी करतेय. गुन्ह्याच्या जागी सापडणाऱ्या ठशाला आमच्याकडे चान्स प्रिंट म्हणतात. आपल्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत असे ठसे कोणत्या वस्तूवर किती टिकतात आणि कसे उठवले तर तुलनेच्या लायक निघतात, हा माझा विषय. स्टीलचा डबा, दुधाची पिशवी, काच, वर्तमानपत्र, नोटा. कोरड्या कागदावर निनहायड्रिन छान चालतं, घामातल्या अमिनो आम्लांशी प्रक्रिया होऊन जांभळा ठसा उमटतो. कागद भिजला की ती आम्लंच धुऊन जातात, मग निनहायड्रिन कितीही मारा. ओल्या स्टीलवर, प्लास्टिकवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पूड कालवलेलं पाणी फवारावं लागतं. त्याचे काळे कण ठशातल्या तेलकटपणाला धरून बसतात.

ठसे दिले ते कॉलेजातल्या मुलामुलींनी, कँटीनच्या पोरांनी आणि भांडी-फरशी करणाऱ्या मावश्यांनी. मावश्यांचे मी मुद्दाम मागितले. साबण-सोड्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, रेशनच्या मशिनवर अंगठा लागत नाही म्हणून दुकानातून परत पाठवतात. असे झिजलेले ठसे मी पाहिलेल्या खुल्या डेटात फार कमी आहेत. माझ्याकडे प्रत्येक बोटाची सलग दाबून घेतलेली मालिका आहे, प्रत्येक ठशाचा १००० पीपीआयचा (इंचाला १००० पिक्सेल) फोटो मोजपट्टीसकट आहे, आणि त्या-त्या वेळचं तापमान, आर्द्रता.

पेपर शेवटच्या टप्प्यात आहे. संपादकांचं म्हणणं, फोटो आणि मूळ नोंदी सार्वजनिक रिपॉझिटरीत (डेटा साठवायच्या खुल्या साइटवर) टाका, नाहीतर का टाकता येत नाहीत ते सकारण लिहा. गाइड म्हणतात, ‘मागणी केल्यास डेटा उपलब्ध’ एवढं लिही आणि मोकळी हो. विभागातले दुसरे एक सर म्हणतात, फॉरेन्सिकचा डेटा बाहेर द्यायचाच नसतो, चोरांना शिकवणी कशाला? संमतीपत्र विभागाचं छापील आहे, त्यात एकच ओळ: ‘माझ्या बोटांचे ठसे संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.’

मला हा डेटा द्यायचाय. मुंबईच्या पावसात केलेलं काम कुणीतरी दुसऱ्याने करून पाहावं, माझं चुकत असेल तर दाखवून द्यावं, यासाठीच तर एवढा खटाटोप केला. पण मावश्यांचे अंगठे इंटरनेटवर टाकायला हात धजत नाही. संरक्षण, विमान वाहतूक अशा नाजूक क्षेत्रांत लोक हे कसं सोडवतात?

हँगरवाला

अबोली, मी विमान देखभालीतला. आयुष्य सांताक्रूझच्या हँगरमध्ये गेलं. ठशांतलं कळत नाही, पण ‘द्यायचं की नाही’ हा वाद आमच्या क्षेत्रात फार आधी होऊन गेलाय.

आमच्याकडे सगळा डेटा एका मापाने मोजत नाहीत. शिकागो कराराचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, १३वं परिशिष्ट सांगतं की अपघाताची चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, दोष वाटण्यासाठी नाही. म्हणून अंतिम अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतो, आणि कॉकपिटमधल्या आवाजाचं रेकॉर्डिंग मात्र जपून ठेवतात. कोळिकोडचं उदाहरण घे. ७ ऑगस्ट २०२०, दुबईहून आलेलं विमान, पाऊस आणि मागून वारा. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ते ४,४३८ फुटांवर टेकलं आणि पुढे टोकावरून खाली गेलं. २१ माणसं गेली. हे आकडे एएआयबीच्या (विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) अहवालात कुणालाही वाचता येतात. शेवटच्या क्षणी कोण कसं ओरडलं हे टीव्हीवर वाजवून आमच्यासारख्यांना काही शिकायला मिळालं नसतं.

दुसरं, अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि मेकॅनिक स्वतःच्या चुका नासाकडे कळवतात. नासाकडेच, कारण लायसन्सवर कारवाई करणारी संस्था वेगळी आहे. नाव-गाव पुसून ते अहवाल खुल्या डेटाबेसमध्ये जातात. लोक निर्धास्तपणे लिहितात, म्हणून तो साठा मोलाचा.

आता तुझ्या उपयोगाचं. ओळख पुसायची तर नुसतं नाव काढून भागत नाही. फ्लाइट नंबर काढला, पण तारीख, मिनिटापर्यंतची वेळ आणि ‘धावपट्टी २७’ ठेवली, तर त्या मिनिटाला मुंबईत कोण उतरलं ते ओपनस्कायसारख्या खुल्या नोंदी लावून कुणीही काढेल. विमान कळलं की रोस्टरवरून वैमानिकही कळला. तुझ्या तक्त्यात ‘कँटीन, पुरुष, डावखुरा, अमुक तारीख’ असेल तर तुमच्या कॉलेजात तो एकच पोरगा निघेल. फोटोचा विचार नंतर कर, आधी तक्ता बघ.

जुना_ठसेवाला

अबोली, बाळ, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी ठसेतज्ज्ञ म्हणून सरकारी नोकरी केली, आता निवृत्त आहे. जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्यूरो १८९७ साली कोलकात्यात उघडलं. त्याची वर्गीकरणाची पद्धत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी बसवली आणि ती ओळखली गेली त्यांचे वरिष्ठ, पोलीस अधिकारी हेन्री साहेबांच्या नावाने. असा वारसा असलेल्या देशात आपल्या हवेतल्या, आपल्या माणसांच्या ठशांचा अभ्यास सर्वांपुढे नसावा, याची मला कायम टोचणी लागून राहिली आहे.

आधी ‘चोरांना शिकवणी’ या मुद्द्याचं बघू. हातमोजे घालावेत हे चोराला कळायला तुझा पेपर लागत नाही. डेटा खुला असण्याची गरज सगळ्यांत जास्त आहे ती पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी मला एकदा शांतपणे विचारलं होतं, “साहेब, ही पद्धत किती वेळा चुकते?” मी अनुभव सांगितला, प्रशिक्षण सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, “मी आकडा विचारतोय.” न्यायाधीशांनीही लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. तज्ज्ञ म्हणून माझं मत कायद्याने ग्राह्य होतं (आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९), पण ग्राह्य मत आणि तपासता येणारं मत यांत फरक असतो.

तो आकडा काढायला मोठी माणसं बसली तेव्हा काय निघालं, बघ. २०११ मध्ये अमेरिकेत १६९ तज्ज्ञांना, उत्तर आधीच माहीत असलेले ठसे देऊन परीक्षा घेतली. वेगवेगळ्या माणसांचे ठसे एकाचेच ठरवण्याची चूक ०.१ टक्का, आणि एकाच माणसाचे ठसे वेगळे ठरवण्याची चूक ७.५ टक्के. पहिला आकडा लहान दिसतो, पण त्याच्या मागे ब्रँडन मेफील्डसारखा माणूस असू शकतो. २००४ च्या माद्रिद स्फोटांनंतर डिटोनेटरच्या पिशवीवर एक ठसा मिळाला. एफबीआयने तो अमेरिकेतल्या या वकिलाचाच म्हणून ठाम सांगितलं आणि त्याला डांबलं. स्पेनच्या पोलिसांना तो पटला नव्हता. त्यांनी खरा माणूस शोधला तेव्हा मेफील्ड सुटला. दुसऱ्या कुणीतरी तोच ठसा हातात घेऊन पाहिला म्हणून सुटला, हे लक्षात घे. आता आपल्याकडे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक पथकाने जागेवर जाणं नव्या बीएनएसएसने (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) सक्तीचं केलंय. कोर्टात येणारे ठसे वाढणार, मग आपल्याकडच्या हवेतले आकडे नकोत का?

पण मावश्यांबद्दलची तुझी भीती शंभर टक्के खरी आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? आपल्या देशात जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून, सिलिकॉनचे बनवून, आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं झाली आहेत. १००० पीपीआयचा, पट्टी लावलेला स्वच्छ फोटो म्हणजे ठगाच्या हाती तयार साचा. परदेशी संशोधकाला जो धोका किरकोळ वाटेल तो घाटकोपरच्या मावशीच्या पगाराच्या खात्याला खरा आहे.

आणि ‘फोटो नको, फक्त रेषांच्या तुटण्या-फुटण्याच्या जागा टाकते’ असा मधला मार्ग कुणी सुचवला तर नाही म्हण. त्या बिंदूंच्या जागा आणि दिशांवरून ठशाचं चित्र पुन्हा उभं करता येतं, हे संशोधकांनी दाखवून दिलंय.

मग द्यायचं काय? प्रत्येक ठशाला ० ते ४ अशी प्रत, म्हणजे दर्जा, देतात, ती दे. मोजलेल्या बिंदूंची नुसती संख्या दे. वस्तू, पद्धत, किती तासांनी उठवला, आर्द्रता, मालिकेतला कितवा ठसा, हे सगळं दे. ठशांची प्रत दोन जणांनी स्वतंत्रपणे ठरवली असेल तर दोघांचे आकडे दे, त्यांचं जमलं नाही तिथेही. रसायनाचं प्रमाण, बॅच, फोटोचा प्रकाश, कोन, सगळं. माझा अनुभव असा की निष्कर्ष पडताळायला यातलं बरंचसं पुरतं. मात्र एनएफआयक्यू हे ठशाचा दर्जा मोजणारं सॉफ्टवेअर लावून दर्जा काढला असशील तर तो आकडा देऊ नकोस. ते स्कॅनरवर घेतलेल्या ठशांसाठी आहे, चान्स प्रिंटसाठी नाही.

पूर्ण फोटोंची गोष्ट संमतीवर येते. अमेरिकेच्या निस्टने (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) स्पेशल डेटाबेस ३०२ मध्ये सुमारे २०० स्वयंसेवकांचे चान्स प्रिंट संशोधनासाठी दिले आहेत. त्याच निस्टकडे गोळ्या आणि काडतुसांवरच्या खुणांचा डेटाबेस खुला आहे. पुंगळीला बँकेत खातं नसतं, तिथे हात आखडण्याचं कारण नाही. तुझ्या छापील ओळीतलं ‘संशोधनासाठी’ म्हणजे ‘जगात कुणालाही उतरवून घेता येईल’ असं मावशीने समजून सही केली असेल, असं मला वाटत नाही. तिला परत विचार. मराठीत, समोर बसून, अंगठ्याचा फोटो दाखवून.

खारंवारं

जहाजांच्या पोलादावर आणि रंगांवर खाऱ्या पाण्याचा काय परिणाम होतो, या चाचण्यांत मी काम केलंय. संरक्षणाची कामं यायची म्हणून दोन ओळी.

संरक्षण म्हटलं की सगळं कुलूपबंद, असा समज आहे. डीआरडीओचं डिफेन्स सायन्स जर्नल कुणालाही फुकट वाचता येतं. चाचणीची पोलादी पट्टी किती गंजली हे खुशाल छापतात. मिश्रधातूचं नेमकं प्रमाण, कोणत्या जहाजाचा कोणता भाग, कुठे बुडवून ठेवली, हे एकत्र आलं की अडचण होते. सुटे तुकडे निरुपद्रवी, जोडले की बोलायला लागतात. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने धावणाऱ्यांचा नकाशा टाकला, नावं एकही नव्हती, पण जानेवारी २०१८ मध्ये लोकांनी त्यावरून वाळवंटातले लष्करी तळ ओळखले.

अबोली, तुझ्या फेलोशिपचं पत्र काढून वाच. पैसे संरक्षण किंवा गृह खात्याकडून असतील तर प्रकाशनाआधी लेखी परवानगीचं कलम असतं. आणि मुद्देमालातला एकही खरा ठसा तुझ्या फोल्डरमध्ये नाही ना, ते बघ. असेल तर तो वेगळा विषय, त्यावर निर्णय तू किंवा गाइड घेऊच शकत नाही.

फोर्टकर

कायद्यापुरतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम १७ खाली संशोधनाला सूट आहे, पण त्या डेटावरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवलेली मानकं पाळावीत, अशी अट आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. अंगठ्याचे फोटो जगासमोर मांडायला ही सूट पुरेल असं धरून चालू नका. एथिक्स कमिटीचं पत्र घ्या, तोंडी होकार नको.

अबोली_घाटकोपर

सगळ्यांचे मनापासून आभार. हँगरवाला काकांनी सांगितल्यावर तक्ता उघडला. तारीख, वेळ आणि ‘स्थळ’ हे तिन्ही रकाने शेजारी शेजारी होते. आता तारखेऐवजी पावसाळ्याचा आठवडा आणि मोजलेली आर्द्रता ठेवतेय, ‘कँटीन’ आणि ‘हाउसकीपिंग’ मिळून ‘हाताने ओलं काम करणारे’ असा एकच गट. खरा मुद्देमाल एकही नाही, फेलोशिपही विद्यापीठाची आहे.

काल दोन मावश्यांशी बोलले. एक म्हणाली, “आकडे लिही गं, अंगठा नको.” दुसरीने विचारलं, “यानं रेशनचं मशीन सुधारणार का?” मी खरं तेच सांगितलं, की लगेच नाही, पण मशीन बनवणाऱ्यांना असे हात असतात हे दिसेल. ती म्हणाली, विचार करून सांगते.

जुने ठसेवाले काका, ज्यांनी नाही म्हटलं त्यांचे फोटो बंद ठेवले तर रिव्ह्यूअरला काय दाखवू? आणि गाइडचं ‘मागणी केल्यास’ हे वाक्य ठेवू का?

जुना_ठसेवाला

ते वाक्य नको. तू पीएचडी होऊन गेलीस, मेल बदलला, की मागणाऱ्याला उत्तर द्यायला कुणी उरत नाही. झेनोडो या खुल्या रिपॉझिटरीवर फाइल बंद ठेवून तिची नोंद मात्र सर्वांना दिसेल अशी ठेवता येते, डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांकही मिळतो. त्यात स्पष्ट लिही: एकूण फोटो किती, बंद कोणते, का बंद, आणि पाहायचे तर कोणत्या कमिटीकडे अर्ज करायचा. व्यक्तीचं नाव नको, पदनाम टाक. रिव्ह्यूअरला तुमच्या लॅबमध्ये बसून बघू दे, किंवा कमिटीच्या परवानगीने मर्यादित काळाची लिंक दे.

स्वतःच्या बोटांची मालिका घेतली असशील आणि तुझी खुशी असेल तर ती नमुना म्हणून खुली ठेव, म्हणजे प्रत कशी ठरवली ते लोकांना डोळ्यांनी दिसेल. पण आधी आधारचं बायोमेट्रिक लॉक कर. आणि मावश्यांना नवीन संमतीपत्र देशील त्यात दोन वेगळे चौकोन ठेव, एक आकड्यांसाठी आणि एक फोटोंसाठी. त्यात हेही लिही की आज हो म्हटलं तरी फाइल खुली होईपर्यंत नाही म्हणता येईल, आणि ती तारीख कोणती.

अबोली_घाटकोपर

तारीख घालायचं सुचलं नव्हतं. सोमवारी कमिटीला मसुदा देतेय, त्यांचं उत्तर आलं की इथेच कळवते.