सीनेच्या पाण्याचा दर्जा एकट्या बीओडीवर ठरवावा का?

सीनाकाठ : नदी किती बिघडली हे सांगताना आपण बीओडीच्या, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू खर्च करतात त्याच्या, आकड्यापाशी थांबतो. सामुदायिक स्नानायोग्य पाण्यात तो लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष योग्यच आहे; परंतु तो मुख्यतः कुजणाऱ्या घाणीचा हिशेब देतो. रंगखान्यांत सुतावर रिअॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) रंग चढवताना भरपूर मीठ किंवा सोडियम सल्फेट वापरावे लागते. हे क्षार जिवाणूंच्या प्रक्रियेने निघत नाहीत आणि बीओडीत दिसतही नाहीत. गेल्या उन्हाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी मी बाटली भरून आणली. चार दिवस खिडकीत ठेवूनही तिचा विटकरी रंग तळाला बसला नाही. अशा पाण्याला केवळ बीओडी पाहून बरे म्हणणे मला मान्य नाही.

रंगखान्यातला : मी वीस वर्षे रंगाईत आहे आणि हा रोख मला एकांगी वाटतो. सीना ज्या भीमेला मिळते तिच्याकडेही बघा: मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी यांच्या वाटेने पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून उजनीत उतरते. त्या घाणीचे माप बीओडी आणि कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) हेच आहे. दुसरे असे की, प्रवाह न मोजता मिलिग्रॅम सांगण्यात अर्थ नाही. धरणातून पाणी सोडले की आकडा सुधारतो, पण घाण एक थेंबही कमी झालेली नसते. उन्हाळ्यात पात्र आटले की तेवढ्याच घाणीने आकडा फुगतो आणि ठपका आमच्यावर येतो.

करमाळ्याचा कोळी : आणि नमुना कधी घेतला, हे कोण विचारतो? उजनीच्या फुगवट्यात पाणी हिरवेगार असते तेव्हा शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, म्हणून दुपारच्या नमुन्यात तो भरपूर भरतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेते. पहाटे जाळे काढायला जावे तर चिलापी मासळी पाण्याच्या वर तोंड वासून धापा टाकताना दिसते. दुपारची बाटली ही गोष्ट कधीच सांगणार नाही.

सीनाकाठ : प्रवाहाचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो आणि पहाटेच्या नमुन्याचाही. सांडपाण्याचा वाटाही नाकारत नाही. मात्र क्षार सोडून देता येणार नाहीत, कारण सोडियम वाढलेले पाणी काळ्या जमिनीला वारंवार दिले की माती घट्ट होते आणि पाणी झिरपेनासे होते. बीओडीच्या चाचणीला 27 अंशांवर तीन दिवस लागतात. क्षारांबरोबर वाढणारी विद्युतवाहकता मात्र हातातल्या मीटरवर मिनिटभरात कळते. सीओडी, म्हणजे रसायनाने घाण जाळायला लागणारा प्राणवायू, बीओडीच्या कित्येक पट निघाला, तर सहज न कुजणारे काही तरी पाण्यात आहे हेही समजते. सीना भीमेला मिळते त्या कुडलच्या संगमापर्यंत प्रत्येक ओढ्याच्या वर आणि खाली एकाच पहाटे मोजणी व्हावी.

रंगखान्यातला : मोजणीला माझी हरकत नाही. मात्र आमच्या कूपनलिकेचे पाणी मुळातच मचूळ आहे. आत येणाऱ्या पाण्याची वाहकता आधी नोंदवा, नंतर बाहेर जाणाऱ्याची, आणि त्या दोन आकड्यांतला फरक तेवढा आमच्या नावावर लिहा.