सीआय कुठलं घ्यावं? सहा जणांची टीम, जेनकिन्स बघणारा माणूस सोडून चाललाय

दूधवाला_डेव्ह

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमची छोटी कंपनी आहे, सहा जण, दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो, म्हणजे फॅट-एसएनएफ बघून दर लावणं, दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल काढणं असलं सगळं. बॅकएंड स्प्रिंग बूट, मोबाइल ॲप फ्लटरमध्ये (सध्या फक्त अँड्रॉइड, आयफोनची मागणी आहे पण ती एका चेअरमनच्या मुलाची आहे), आणि एक जुनं पीएचपीचं रिपोर्ट पोर्टल जे कोणी हात लावत नाही. कोड गिटहबवर, प्रायव्हेट रेपोत (रेपो म्हणजे प्रोजेक्टच्या कोडचं ऑनलाइन फोल्डर).

ऑफिसच्या कोपऱ्यात एका जुन्या डेस्कटॉपवर जेनकिन्स चालतो, तेच आमचं सीआय, म्हणजे कोड बदलला की आपोआप टेस्ट आणि बिल्ड (कोडपासून चालणारं ॲप बनवणं) करणारं टूल. ज्याने बसवला तो महिनाअखेरीस पुण्याला जातोय, बाकी कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, लाईट गेली आणि यूपीएस संपला की बिल्ड बंद. तर आता हेच कोणीतरी शिकून घ्यावं, की गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबचं स्वतःचं सीआय) जावं, की गिटलॅब, की अजून काही? महिन्याला दोन-तीन हजारांच्या वर गेलं की सर विचारणार. नुसतं "हे भारी ते बेकार" नको, कारणासकट सांगा प्लीज.

रात्रपाळी

दिवसाला किती बिल्ड आणि एक बिल्ड किती वेळ घेतो ते आधी सांगा, त्याशिवाय पैशाचं कोणीच सांगू शकणार नाही.

दूधवाला_डेव्ह

साधारण वीस पुश (बदललेला कोड गिटहबवर चढवणं) धरा, बॅकएंडच्या टेस्ट दहाएक मिनिटं. फ्लटरचा बिल्ड पण तेवढाच पण तो रोज नसतो.

रात्रपाळी

म्हणजे दिवसाला दोनशे मिनिटं, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाच हजार. गिटहबच्या फुकट प्लॅनमध्ये प्रायव्हेट रेपोला महिन्याला २००० मिनिटं मिळतात, वरची तीन हजार विकत. लिनक्सचं मिनिट एका सेंटच्याही खाली आहे म्हणजे तीस डॉलरच्या आत बसतं. आणि हे काहीही न सुधारता, जरा डोकं लावलं तर फुकटात बसेल. चेअरमनच्या मुलाला मात्र थांबवा, कारण आयफोनच्या बिल्डला मॅक लागतो आणि मॅकचं मिनिट लिनक्सच्या साधारण दहापट पडतं.

जुना_जेनकिन्सवाला

आला का पुन्हा जेनकिन्स काढून टाका धागा. थोडं त्याच्या बाजूने बोलतो.

कोह्सुके कावागुची सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना २००४ मध्ये त्याने हे हडसन नावाने सुरू केलं. ओरॅकलने सन घेतली आणि मग हडसन हे नाव कोणाचं यावरून भांडण लागलं. २०११ च्या जानेवारीत कम्युनिटीने मतदान करून नाव बदललं, जेनकिन्स केलं, आणि जवळपास सगळे प्लगिन (वरून जोडायच्या जादा सोयी) लिहिणारे तिकडे गेले. हडसन पुढे एक्लिप्स फाउंडेशनकडे गेला आणि तिथे हळूहळू विझला. हे सांगायचं कारण, एवढी मोठी कंपनी समोर असून प्रोजेक्ट टिकला तो माणसांमुळे. २०१९ पासून तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या कंटिन्युअस डिलिव्हरी फाउंडेशनमध्ये आहे, म्हणजे उद्या कोणी विकत घेऊन दर वाढवले असं होणार नाही. अठराशेच्या वर प्लगिन आहेत, कुठलं पण खुळं मशीन जोडा.

पण जेनकिन्स म्हणजे घरची म्हैस आहे, दूध आपलं तसं शेण पण आपणच काढायचं. एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्तीच वापरायची. नवीन एलटीएसला जावा १७ किंवा त्याहून नवं लागतं त्यामुळे जुन्या डेस्कटॉपवर आधी ते बघा. जॉब (बिल्ड, टेस्ट अशी ठरवून दिलेली कामं) वेबपेजवर क्लिक करून बनवलेले असतील तर ते सगळे जेनकिन्सफाइलमध्ये (त्याच पायऱ्या लिहिलेली फाइल) आणा आणि ती रेपोत ठेवा, बाकी सेटिंगसाठी कॉन्फिगरेशन ॲज कोड प्लगिन आहे. आणि बाहेरच्या इंटरनेटवर उघडा ठेवू नका, २०२४ च्या जानेवारीत कमांड लाइनमधून सर्व्हरवरच्या फाइल वाचता येणारी खिंडार सापडली होती, ज्यांनी अपडेट लांबवलं त्यांच्यावर हल्ले झाले.

हे सगळं करणारा एक माणूस तुमच्याकडे असेल तर ठेवा. नसेल तर मीच सांगतो, नका ठेवू.

मृण्मयी_ठाणे

शेवटची ओळ महत्त्वाची, आणि दादांनी स्वतःच लिहिली म्हणून अजूनच. सहा जणांत एकाने अर्धा दिवस प्लगिन अपडेट करत बसायचं म्हणजे तो पगार पण धरा की हिशोबात.

ॲक्शन्सवर जा, कोड तिथेच आहे. पण पहिल्या दिवशी हे करा नाहीतर मिनिटं कुठे गेली कळणार पण नाही. एक म्हणजे प्रत्येक जॉबला टाइमआउट लिहा, न लिहिल्यास डिफॉल्ट ३६० मिनिटं आहे, एखादी टेस्ट डेटाबेसची वाट बघत लटकली तर सहा तास ती मोजत राहते आणि असे पाचसहा झाले की महिन्याचा कोटा साफ. दुसरं, त्याच ब्रांचवर नवा पुश आला की जुना रन रद्द व्हायची सोय आहे, ती लावा, आपल्या लोकांना एक स्पेलिंग दुरुस्त करून पुश, मग अजून एक पुश अशी सवय असते. तिसरं, फोल्डरप्रमाणे गाळणी लावा, पीएचपीच्या पोर्टलमध्ये बदल झाला तर फ्लटरचा बिल्ड कशाला चालायला हवा. ग्रेडल आणि पब (जावा आणि फ्लटरच्या लायब्ररी आणणारी टूलं) यांचं कॅश, म्हणजे आधी उतरवलेलं साठवून ठेवणं, तर लावाच.

अजून एक, रात्रीचा बिल्ड लावणार असाल तर क्रॉन (जॉब कधी सुटायचा त्याचं वेळापत्रक) डिफॉल्टने यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो हे लक्षात ठेवा. आपल्या पहाटे दोनला हवा असेल तर आदल्या दिवशीचे २०:३० लिहावे लागतात. तासाच्या ठोक्याला लावू नका, तेव्हा सगळ्या जगाचे जॉब एकदम सुटतात आणि तुमचा मागे पडतो.

जुना_जेनकिन्सवाला

जेनकिन्सच्या क्रॉनमध्ये वर एक ओळ टाकून आशिया/कोलकाता लिहिता येतं, आणि मिनिटाच्या जागी एच लिहिला की तोच जॉब इकडेतिकडे पसरवतो. एवढंच नोंदवून ठेवतो :)

यामलग्रस्त

मंडळी सगळे टूलचं बोलताय, मला मालकाचं बोलू द्या. २०११ च्या सुमारास बर्लिनमधून ट्रॅव्हिस सीआय आलं, ओपन सोर्सला फुकट, रेपोत एक छोटी यामल (सेटिंग लिहायची साधी टेक्स्ट) फाइल टाकली की झालं. त्या वेळी गिटहबवर ज्याच्या त्याच्या रीडमीवर (प्रोजेक्टच्या माहितीच्या पानावर) बिल्ड पास झाल्याचा तो हिरवा बॅज असायचा. २०१९ च्या जानेवारीत आयडेराने ते विकत घेतलं, पुढच्याच महिन्यात तिथले बरेच इंजिनीअर काढले, २०२० च्या नोव्हेंबरात फुकटचे नियम बदलून क्रेडिट आणले आणि २०२१ मध्ये ओपन सोर्सवाली जुनी साइट बंदच केली. हजारो प्रोजेक्ट रातोरात ॲक्शन्सवर पळाले. गिटलॅबने २०२० मध्ये फुकट मिनिटं २००० वरून ४०० केली. २०२१ मध्ये तर बिटकॉइनसारखी नाणी खणणाऱ्यांनी सगळ्याच फुकट सीआयवर एवढा धुमाकूळ घातला की गिटलॅबने फुकट खात्यांना आधी कार्ड दाखवा म्हणायला सुरुवात केली.

म्हणून म्हणतो कुठलं पण घ्या, पण बिल्डचं ज्ञान त्यांच्या यामलमध्ये कोंबू नका. चेकआउट (रेपोतला कोड उतरवणं), जावा बसवणं, कॅश आणि सिक्रेट (पासवर्ड, टोकन वगैरे) एवढंच यामलमध्ये, बाकी टेस्ट कशा चालवायच्या, एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) कसा बनवायचा हे सगळं तुमच्या रेपोतल्या स्क्रिप्टमध्ये, जी तुमच्या लॅपटॉपवर पण तशीच चालली पाहिजे. मग उद्या घर बदलायचं तर एका दुपारचं काम. शिवाय बिल्ड फेल झाला की "फिक्स सीआय", "फिक्स सीआय परत", "प्लीज चाल बाबा" असले वीस कमिट (कोडमधल्या बदलाच्या नोंदी) करावे लागत नाहीत.

मृण्मयी_ठाणे

अर्धं पटलं. चारशे ओळींची बॅश स्क्रिप्ट जी फक्त एकालाच कळते, ती आणि आत्ताचा जेनकिन्स यात फरक काय? तोही माणूस एक दिवस पुण्याला जाणार. यांच्याकडे ग्रेडल आहे, फ्लटरचं स्वतःचं टूल आहे, त्यांच्याच कमांड वापरा, स्क्रिप्ट दहा ओळींच्या वर जाऊ देऊ नका. आणि पॅरलल जॉब, मॅट्रिक्स (एकच जॉब वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालवणं), कॅश या गोष्टी स्क्रिप्टमध्ये नेता येत नाहीत, त्या त्या त्या टूलच्याच राहतात, एका दुपारीत काही होत नाही.

यामलग्रस्त

बरं दोन दुपारी. आणि सहा जणांच्या टीमला मॅट्रिक्स कशाला लागतंय ताई.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत पहाट आहे, उशिरा वाचला धागा. सिक्रेटवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तुमच्या सीआयकडे प्रॉडक्शनचा पासवर्ड, ॲप साइन करायची की, क्लाउडचं खातं सगळं असतं, ऑफिसात इतक्या किल्ल्या दुसऱ्या कोणाकडेच नसतात. २०२३ च्या जानेवारीत सर्कलसीआयने सगळ्या ग्राहकांना सांगितलं की आमच्याकडे ठेवलेली सगळी सिक्रेट बदला, अपवाद नाही. २०२५ च्या मार्चमध्ये टीजे-ॲक्शन्सची चेंज्ड-फाइल्स नावाची ॲक्शन (बिल्डमध्ये वापरायची दुसऱ्याने लिहिलेली तयार पायरी) कोणीतरी ताब्यात घेतली, ती तेवीस हजारांवर रेपोंत वापरात होती, आणि तिने लोकांची सिक्रेट चक्क बिल्डच्या लॉगमध्ये छापली. ज्यांचे रेपो पब्लिक त्यांचे लॉग पण पब्लिक. त्यात मजा अशी की व्ही वन, व्ही थर्टीफाइव्ह असे जुने टॅग (आवृत्तीची नावं) पण सगळे त्या खराब कमिटकडे वळवले होते, म्हणजे "आम्ही व्हर्जन फिक्स केलंय" म्हणणारे पण सापडले.

म्हणून बाहेरची ॲक्शन घेताना टॅग नाही, कमिटचा पूर्ण हॅश (त्या कमिटचा न बदलणारा क्रमांक) लिहायचा. डिपेंडाबॉट (गिटहबचं आपोआप अपडेट सुचवणारं टूल) ते हॅश पण पुढे नेतो, त्यामुळे कामाचा फार त्रास नाही. आणि टोकनला फक्त वाचायचा हक्क, लिहायचा ज्या जॉबला लागतो त्यालाच.

दूधवाला_डेव्ह

बाप रे, एवढं सगळं. आभार सगळ्यांचे. आमच्या सरांचं म्हणणं असं की ॲक्शन्स घेऊ पण तो डेस्कटॉप फुकट पडून राहील त्यापेक्षा त्यालाच सेल्फ-होस्टेड रनर (ॲक्शन्सचे जॉब चालवणारं आपलंच मशीन) करू, मिनिटं वाचतील. कसं वाटतं? आणि दुसरा प्रश्न, पैसे भरायचे कसे, मागे एका परदेशी सर्व्हिसचं कार्डवरचं ऑटो पेमेंट दर महिन्याला परत यायचं.

रात्रपाळी

पेमेंटचं: रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे, दर महिन्याला आपोआप कापायचे असतील तर आधी मँडेट नोंदवावं लागतं, तुमच्या बँकेने त्या परदेशी दुकानदारासाठी ती सोय दिलेली नसेल तर व्यवहार फेल. बँकेला विचारा किंवा कंपनीचं दुसरं कार्ड लावून बघा. आणि खर्चाची मर्यादा गिटहबमध्येच घालता येते, ती घाला म्हणजे सर शांत झोपतील.

डेस्कटॉपचं: मूळ रड लाईट गेली की बिल्ड बंद हीच होती ना? मग परत त्याच पेटीवर कशाला.

एडिसनकर

प्रायव्हेट रेपो आहे तोवर सेल्फ-होस्टेड ठीक. पब्लिक रेपोला कधीही लावू नका, कोणीही फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) पीआर (बदल घ्या अशी विनंती) टाकेल आणि त्याचा कोड तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बसून चालेल. गिटहब स्वतः हेच सांगतं. दुसरं, गिटहबच्या रनरवर प्रत्येक वेळी कोरं मशीन मिळतं, तुमच्या डेस्कटॉपवर मागच्या बिल्डचा कचरा तसाच, मग "माझ्याकडे चालतंय" वाली भुतं.

यामलग्रस्त

आणि सेल्फ-होस्टेड म्हणजे कायम फुकट असं पण धरू नका. २०२५ च्या डिसेंबरात गिटहबने जाहीर केलं की स्वतःच्या मशीनवर चालवलं तरी मिनिटामागे पैसे घेणार. लोकांनी एवढी बोंब मारली की लगेच पुढे ढकललं. पुढे ढकललं, रद्द केलं असं नाही म्हणाले.

जुना_जेनकिन्सवाला

मी नको म्हणत असतानाही मुद्दा माझ्याच पारड्यात पडतोय, असो.

दूधवाले भाऊ, टूल काहीही घ्या पण तो मुलगा जायच्या आत एक काम करून घ्या. जेनकिन्समधले पासवर्ड आणि टोकन क्रेडेन्शियल्सच्या फाइलमध्ये एन्क्रिप्ट करून असतात आणि ते उघडायची मास्टर की त्याच होम फोल्डरमध्ये सिक्रेट्स नावाच्या फोल्डरात असते. नुसती क्रेडेन्शियल्सची फाइल कॉपी करून उपयोग नाही, ती फाइल आणि तो अख्खा सिक्रेट्स फोल्डर दोन्ही लागतात. त्याहून बरं म्हणजे त्याला शेजारी बसवून एकेक जॉब उघडा आणि कुठला जॉब कुठल्या सर्व्हरवर काय टाकतो ते लिहून घ्या. त्याच्या नावाने काढलेलं टोकन असेल तर ते कंपनीच्या खात्यावर नवीन काढा, नाहीतर त्याचं गिटहब काढलं त्या दिवशी तुमचा डिप्लॉय थांबेल.

मृण्मयी_ठाणे

+१, आणि अँड्रॉइडची साइनिंग की (ॲप तुमचंच आहे हे सिद्ध करणारी किल्ली, कीस्टोअर फाइलमध्ये असते) कुठे आहे? ऑगस्ट २०२१ नंतर प्ले स्टोअरवर आलेलं ॲप असेल तर प्ले ॲप साइनिंग (मुख्य किल्ली गूगलकडे ठेवण्याची सोय) सक्तीचं होतं, तिथे अपलोड की हरवली तरी गूगलकडून नवीन घेता येते. त्याआधीचं ॲप असेल आणि त्यात नाव घातलेलं नसेल तर ती कीस्टोअर फाइल गेली म्हणजे त्या ॲपला पुन्हा अपडेट देता येत नाही, नवीन नावाने ॲप टाकायचं आणि प्रत्येक गवळ्याला फोन करून सांगायचं.

दूधवाला_डेव्ह

ॲप २०१९ चं आहे. आत्ता त्याला विचारलं, म्हणाला फाइल जेनकिन्सच्या मशीनवर आहे आणि एक त्याच्या घरच्या लॅपटॉपवर असेल बहुतेक. पासवर्ड "जॉबमध्येच आहे". उद्या सकाळी पहिलं तेच, ॲक्शन्स नंतर बघू.

रात्रपाळी

सकाळी कशाला, आत्ता लाईट आहे का ऑफिसात?