प्लित्वित्से, क्रका, स्प्लिट आणि डुब्रोव्हनिक: कौटुंबिक सहलीत सगळेच पाहावे का?

पागोळी:

क्रोएशियाची सहल आखणाऱ्या मराठी कुटुंबांना अलीकडे एक सल्ला हमखास मिळतो. प्लित्वित्सेचे धबधबे पाहिले की क्रका हे धबधब्यांचे दुसरे उद्यान वगळावे, डुब्रोव्हनिकला गर्दीमुळे फिरकूच नये आणि वाचलेले दिवस व्हिएन्ना किंवा व्हेनिसला द्यावेत, असा तो सल्ला आहे. मला तो मुळीच पटत नाही. क्रोएशियाला जायचेच असेल तर प्लित्वित्से, क्रका, स्प्लिट आणि डुब्रोव्हनिक ही साखळी अखंड पाहावी. काही गाळायचेच असेल तर दुसरे देश गाळावेत.

असे म्हणण्याचे कारण इथल्या दगडात आहे. प्लित्वित्सेची 16 तळी एकाखाली एक उतरत जातात आणि त्यांच्यामधले बांध पाण्यानेच घातलेले आहेत. चुनखडीच्या डोंगरांतून येणारे पाणी सोबत विरघळलेला चुना आणते. ते उंचावरून आपटते तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना शेवाळावर व मुळ्यांवर बसू लागतो. गिझरच्या कॉइलवर क्षार चढावा तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे त्यातून टूफा नावाचा सच्छिद्र दगड तयार होतो. फळ्यांच्या वाटेवर वाकून पाहिले, तर तळाशी पडलेल्या काटक्यांवरही पांढरट, खरखरीत पुट चढलेले दिसते. म्हणजे हे धबधबे अजून घडत आहेत, आणि मुलांना ते डोळ्यांनी पाहता येते.

तिथून स्प्लिटला जावे. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ. स. 305 च्या सुमारास राजवैभव सोडून जिथे मुक्काम केला, तो राजवाडा ब्राच बेटावरच्या पांढऱ्या चुनखडीचा आहे आणि त्याच्या घुमटाकार छतांना नदीपात्रांतला हलका टूफा वापरलेला आहे. जो दगड आपण आदल्या दिवशी पाण्याखाली तयार होताना पाहिला, तोच इथे सतराशे वर्षे डोक्यावर उभा आहे. प्लित्वित्से, स्प्लिटचा हा गाभा आणि डुब्रोव्हनिक ही तिन्ही नावे 1979 या एकाच वर्षी जागतिक वारसा यादीत दाखल झाली. निसर्ग एका सहलीत आणि शहरे दुसऱ्या सहलीत अशी वाटणी केली, तर हा धागाच हातातून सुटतो. ज्येष्ठ नागरिक आणि शाळकरी मुले सोबत असलेल्यांचे मत वाचायला विशेष आवडेल.

साकव:

पागोळीताई, चुनखडीचा मुद्दा सुरेख मांडलात, पण सहल दगडांची नसते, माणसांची असते. राजधानी झाग्रेब ते प्लित्वित्से सुमारे 130 किलोमीटर, तिथून स्प्लिट आणखी दोन-अडीचशे, पुढे डुब्रोव्हनिक पुन्हा तेवढेच. एवढी दौड करताना आजी-आजोबांच्या वाट्याला गाडीची सीट, हॉटेलातली बॅगांची उघडझाक आणि जिने एवढेच येते.

माझा मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. प्लित्वित्सेच्या फळ्यांच्या वाटा अरुंद असून बहुतेक ठिकाणी त्यांना कठडे नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये पुढचा एक माणूस फोटोसाठी थांबला की मागची सगळी रांग खोळंबते, आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला ओल्या लाकडावर मध्येच उभे राहावे लागते. 2017 मध्ये जागतिक वारसा समितीनेही या उद्यानातली वाढती गर्दी आणि भोवतालच्या गावांतली निवासी बांधकामे यांबद्दल चिंता व्यक्त केली होती. टूफा वाढायला पाणी स्वच्छ लागते, सेंद्रिय घाण वाढली की चुना बसेनासा होतो. जो बांध मुलांना दाखवायला आपण निघालो, त्यालाच आपल्या मुक्कामाच्या सांडपाण्याने धोका पोहोचत असेल, तर "सगळेच पाहू" या हट्टाचा निदान पुनर्विचार तरी व्हावा.

डुब्रोव्हनिकच्या तटबंदीच्या आत 1991 साली सुमारे 5,000 माणसे राहत होती. आता ती संख्या दीड हजारांच्या आसपास उरली आहे. किराणा दुकानांची जागा स्मरणवस्तूंच्या दुकानांनी घेतली आणि घरांची भाड्याच्या खोल्यांनी. अशा शहरात अर्धा दिवस जाऊन फोटो काढून परतण्यापेक्षा प्लित्वित्सेजवळच्या रास्तोकेला एक रात्र राहावे. तिथे स्लुनिचित्सा नदी लहान लहान धबधब्यांनी कोराना नदीत उतरते आणि जुन्या पाणचक्क्या अजून उभ्या आहेत. पुढे झादारला समुद्राच्या लाटांवर वाजणारे, 2005 साली बांधलेले वाद्य ऐकावे आणि परत फिरावे. कुटुंबासाठी एवढे पुष्कळ झाले.

हिशेबनीस:

दोन्ही बाजूंनी तत्त्वे भरपूर झाली, म्हणून थोडे पैशांचे बोलतो. प्लित्वित्सेचे प्रौढांचे तिकीट भर उन्हाळ्यात सुमारे 40 युरो असते. एप्रिल, मे आणि ऑक्टोबरात ते बरेच उतरते, हिवाळ्यात तर आणखी खाली येते. डुब्रोव्हनिकच्या तटावर चढायलाही माणशी 35 युरोंच्या वर मोजावे लागतात. त्याआधी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक, व्हिसाचे शुल्क आहेच, प्रौढांना 90 युरो आणि 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45. पाचजणांच्या घरात हे सगळे मिळून विमानाच्या एका तिकिटाएवढे होते.

त्यात क्रकाला पैसे का घालावेत, हे मला खरोखर उमगत नाही. स्क्रादिन्स्की बुक धबधब्याखाली पूर्वी पोहता येत असे आणि मुलांना घेऊन तिथे जाण्याचे तेच मोठे कारण होते. 2021 पासून पोहण्यावर बंदी आली. प्लित्वित्सेत तर पोहणे आधीपासूनच बंद आहे. मग तोच टूफा आणि त्याच फळ्यांच्या वाटा दुसऱ्यांदा तिकीट काढून कशाला पाहायच्या? मुले दुसऱ्या दिवशी कंटाळणार, हे कोणताही पालक सांगेल.

आडवाट:

हिशेबनीस, पोहण्याची बंदी हा क्रका टाळण्याचा मुद्दा कसा होतो, ते कळले नाही. टूफा ठिसूळ असतो आणि शेकडो पायांखाली तो तुटतो. तो टिकवण्यासाठीच ही बंदी आहे. साकव यांना जी शिस्त हवी आहे ती तिथे प्रत्यक्षात आलेली दिसते, कारण त्या धबधब्याच्या परिसरात एका वेळी 10,000 पेक्षा जास्त लोकांना सोडले जात नाही.

शिवाय क्रका म्हणजे केवळ पाणी पाहणे नव्हे. स्क्रादिन गावातून बोटीने आत जाता येते, वर व्हिसोव्हाच नावाच्या बेटावर फ्रान्सिस्कन मठ आहे आणि स्क्रादिन्स्की बुकपाशी जुन्या जलविद्युत केंद्राचे अवशेष आहेत. 1895 च्या ऑगस्टमध्ये, नायगारा धबधब्यावरच्या प्रसिद्ध केंद्रानंतर अवघ्या दोन दिवसांत, हे केंद्र सुरू झाले आणि शिबेनिक शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. विज्ञानाची आवड असलेल्या सातवी-आठवीतल्या मुलाला हे सांगून पाहा. त्याच संध्याकाळी शिबेनिकचे सेंट जेम्स कॅथेड्रलही पाहून होते, त्यासाठी वेगळा मुक्काम लागत नाही.

मांडवीकाठ:

मी गोव्याचा, त्यामुळे डुब्रोव्हनिकची बाजू घेणारच. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला साव ब्राझ म्हणजे सेंट ब्लेझचे छोटे चर्च आहे. सेंट ब्लेझ हा डुब्रोव्हनिकचा रक्षक संत. सोळाव्या शतकात तिथले व्यापारी गोव्यापर्यंत आले होते आणि या चर्चचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो. तेव्हा हे शहर रागुसा नावाचे स्वतंत्र व्यापारी प्रजासत्ताक होते. 1808 साली नेपोलियनच्या राजवटीने ते संपवले. आमच्या मुलांना त्या शहराच्या वेशीवर त्याच संताची मूर्ती दिसली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "हा आमच्या गावात कसा आला?" इतिहासाच्या पुस्तकाने हा प्रश्न त्यांच्याकडून कधीच वदवून घेतला नसता.

तटबंदीची फेरी जवळपास 1,940 मीटरची आहे आणि ती एकाच दिशेने चालावी लागते. सोबतच्या वडीलधाऱ्यांना खाली स्त्रादून या मुख्य रस्त्यावर सावलीत बसवावे, कारण पायऱ्या पुष्कळ आहेत आणि वर सावली जवळजवळ नाही. वरून छपरे नीट पाहावीत. काही कौले फिकट, पिवळसर, डागाळलेली आहेत, तर बरीचशी लालभडक. क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1991-92 च्या वेढ्यात शहरावर तोफगोळे पडले, त्यानंतर बसवलेली कौले ही लालभडक आहेत. या शहराला अर्ध्या दिवसाचे फोटो-ठिकाण म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

व्हिसाबद्दलही एक गोष्ट नोंदवून ठेवतो. स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला जाताना किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याने गेलात, तर मध्ये नेउम येथे बोस्नियाचा तुकडा लागतो. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, बोस्निया नाही. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असलेल्या भारतीयाला तिथून परत येताना अडचण होऊ शकते. 2022 साली खुल्या झालेल्या पेल्येशाच पुलावरून गेले की देश ओलांडावाच लागत नाही. चालकाला हे आधीच सांगून ठेवावे.

साकव:

मांडवीकाठ, गवंडाळीची माहिती मला नवी होती आणि ती आवडली. पण डुब्रोव्हनिकला मोठा इतिहास आहे, हे मी नाकारलेलेच नाही. तिथल्या उरलेल्या रहिवाशांच्या दारातून रोज किती हजार पावले जावीत, हा माझा प्रश्न आहे. शहराने दिवसाला दोनच क्रूझ जहाजे घेण्याचे धोरण स्वीकारले, ते काही हौसेने नव्हे. इतिहास मोठा आहे म्हणून प्रत्येकाने गेलेच पाहिजे, हे तर्कशास्त्र ताजमहालापासून सगळीकडे आपण लावत आलो आणि त्याचे परिणामही पाहतो आहोत.

पागोळी:

साकव, क्रूझने येणारा प्रवासी आणि तटाच्या आत दोन रात्री राहून तिथल्याच बेकरीतून बुरेक, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री, घेणारे कुटुंब यांना तुम्ही एकाच मापाने मोजता आहात, आणि माझा आक्षेप नेमका त्याला आहे. पहिला चार तासांत शहर ओलांडून जातो. दुसऱ्यामुळे संध्याकाळी जहाजे गेल्यावरही तिथल्या खानावळी चालू राहतात. तुमच्या शंकेचे उत्तर न जाणे हे नसून वेळ बदलणे हे आहे, असे मला अजूनही वाटते.

आपल्या शाळांना दिवाळीची सुट्टी असते तेव्हा प्लित्वित्सेच्या बीच वृक्षांची पाने पिवळी-तांबडी झालेली असतात, तिकीट उतरलेले असते आणि फळ्यांवर थांबायला जागा मिळते. पावसाची शक्यता असते, हे खरे. पण आपण मराठी माणसे धबधबे पाहायला एरवी तरी कोरड्यात कधी जातो? ज्येष्ठांसाठी प्रवेशद्वार क्रमांक 2 मधून शिरून उद्यानाच्या गाडीने वरच्या तळ्यांपर्यंत जावे, मग उतरत येऊन कोझ्याक तळे बोटीने पार करावे. गाडी आणि बोट दोन्ही तिकिटातच येतात. ज्यांना तेही जमणार नाही, त्यांना क्रमांक 1 च्या दारापासून थोड्याच अंतरावरून 78 मीटरचा वेलिकी स्लाप हा मोठा धबधबा दिसतो.

हिशेबनीस:

दिवाळीचे गणित मला मान्य आहे, युरोत वाचतात ते पैसे खरेच वाचतात. क्रकाबद्दल मात्र मी अजून डळमळीतच आहे. आडवाट, ते 1895 चे केंद्र आणि बोट एवढ्यासाठीच जायचे असेल, तर प्लित्वित्सेच्या आधी क्रका करावे का? आमच्या धाकट्याने मोठा धबधबा आधी पाहिला, तर लहान धबधब्याकडे तो ढुंकूनही बघणार नाही.

आडवाट:

आधीच करा. विमान स्प्लिटला उतरवा, मग क्रका, प्लित्वित्से आणि शेवटी झाग्रेबहून परत. डुब्रोव्हनिक घ्यायचे असेल तर ते स्प्लिटच्याही आधी, अगदी सुरुवातीला बसवा. साकव यांना तेवढे वगळायचे असेल तर याच क्रमात ते सहज वगळताही येते.