मदत हवी आहे: टर्मिनल जाड केबलवर चालूच होत नाही, सुधारलेला बोर्ड कंपनी बदलून देते का?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या क्रेडिट सोसायटीत आहे. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडेच असतं. काउंटरवर सहा छोटे टर्मिनल आहेत, टाईप-सी पिनवर चालणारे. कंपनीचं नाव आत्ताच लिहीत नाही, कारण दोष नक्की कुठं आहे ते अजून ठरलेलं नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट दिवसातून दहा वेळा येते-जाते. त्यात दोन चार्जर जळाले. बेळगावातून लॅपटॉपचे चांगले चार्जर आणले, सोबत जाड केबल. लावले तर टर्मिनलवर दिवासुद्धा लागेना. बोर्डच गेला असं समजून दोन दिवस उरलेल्या टर्मिनलांवर काम ओढलं. पिग्मीवाले दादा वही धरून रांगेत, आणि जांबोटीकडची एक आजी ठेव मोडायला आलेली. नातवाची फी भरायची होती. तिची दुपारची बस चुकली, ते अजून मनातून जात नाही.

तिसऱ्या दिवशी सहज माझ्या मोबाईलची बारीक केबल त्याच चार्जरला लावली आणि टर्मिनल लगेच सुरू झाला. चार्जर तोच, टर्मिनल तोच, बदलली ती फक्त केबल!

शोधल्यावर रास्पबेरी पाय ४ या छोट्या एका-बोर्डाच्या कॉम्प्युटरची हकिगत सापडली. तो बोर्ड २०१९ च्या जूनमध्ये आला. टाईप-सी सॉकेटमध्ये सीसी नावाच्या दोन पिना असतात आणि प्रत्येकीला स्वतःचा ५.१ किलोओहमचा रेझिस्टर (वीजप्रवाहाला ठराविक रोध करणारा बारीक भाग) लागतो. त्या बोर्डावर दोन्ही पिना जोडून एकच रेझिस्टर दिला होता. लॅपटॉपच्या अशा जाड केबलमध्ये बहुधा स्वतःची ओळख सांगणारी चिप असते. पिना एकत्र असल्या की चिपचा रेझिस्टर त्यात मिसळतो, चार्जरला वाटतं समोर हेडफोनचा अडॅप्टर आहे, आणि तो वीजच सोडत नाही. साध्या केबलमध्ये चिप नसते, म्हणून तिच्यावर चालतं. बनवणाऱ्यांनी चूक मान्य केली आणि १.२ रिव्हिजनमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सुधारित आवृत्तीत, दोन वेगळे रेझिस्टर दिले. रिव्हिजन कोडवरून ओळखताही येतं: ४ जीबीच्या जुन्याचा c०३१११ म्हणजे शेवटी १११, नव्याचा शेवटी ११२.

आमच्या टर्मिनलचं लक्षण हुबेहूब हेच आहे. मग आमच्या कंपनीनेही पुढच्या बोर्डात हे सुधारलं असेल का? ओळखायचं कसं? आणि रेझिस्टर स्वतः बदलावा का? भाग मोहरीच्या दाण्याहून लहान आहे, माझा हात तेवढा बसलेला नाही.

प्रतिसाद

ताई, मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीनची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो. आधी मोजून बघा की. टाईप-सीचा ब्रेकआउट बोर्ड (प्रत्येक पिन मोजायला बाहेर काढून देणारा छोटा बोर्ड) घ्या, टर्मिनलची वीज पूर्ण काढा, आणि मल्टिमीटर ए५ आणि बी५ या पिनांवर, म्हणजे त्याच दोन सीसी पिनांवर, धरा. शून्याच्या आसपास आलं तर पिना जोडलेल्या आहेत. १०.२ किलोओहमच्या जवळ आलं तर रेझिस्टर वेगळे आहेत, कारण दोन ५.१ ग्राउंडमधून एकामागोमाग येतात.

पिना जोडणारी बोर्डावरची तांब्याची पट्टी कापून वेगळा रेझिस्टर लावता येतो, मी लावलेत. पण वॉरंटी असेल तर हात लावू नका. तोवर ३ अँपिअरची चिप नसलेली सी-टू-सी केबल वापरा, नाहीतर केबल जोडूनच येणारा अडॅप्टर. फूटपाथवरची बारीक केबल कायमची ठेवू नका, व्होल्टेज पडतं आणि एंट्री चालू असताना टर्मिनल रीस्टार्ट होतो. कंपनीला लिहिताना 'दुरुस्ती' मागू नका, 'कोणती रिव्हिजन' ते विचारा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. काल सोसायटी बंद झाल्यावर सहाही मोजले. चारांवर शून्य, दोघांवर १०.१ किलोओहम. ते दोन आम्ही वर्षभराने घेतलेले, आणि त्यांच्या बोर्डाच्या कोपऱ्यावरचं अक्षरही वेगळं आहे. म्हणजे कंपनीने सुधारणा केली, पण जुन्या गिऱ्हाइकांना कळवलं नाही. विक्रेता म्हणतो वॉरंटी संपली, नवीन घ्या. सभासदांच्या पैशातून चार टर्मिनल पुन्हा घ्यायचे, तेही कंपनीच्याच चुकीपायी, हे संचालकांसमोर मी कसं मांडू?

सिरियल नंबर आणि मीटरचे फोटो आज कंपनीला पाठवले. चारांना साध्या केबली लावून वर कागद चिकटवला आहे: 'ही केबल बदलू नये'. वॉरंटी संपल्यावरही कुणाला असा बोर्ड बदलून मिळाला असेल तर पत्रात काय लिहिलं होतं, ते कृपया इथं टाका.