आंब्याच्या फळ्यांना निळे-काळे पट्टे: कडुनिंब लावू की काजूतेल?

देवगडी:
घरामागचा म्हातारा हापूस जूनच्या पहिल्या वाऱ्यात आडवा झाला. सरपणाला घालवायचा जीव होईना, म्हणून दीड इंची फळ्या काढून आणल्या आणि पडवीत एकावर एक रचल्या, वर ताडपत्री. आठवड्यात सालीकडच्या बाजूला शाई सांडल्यासारखे पट्टे. रंधा मारून पाहिला, डाग खालीही आहेतच. पाट आणि मांडणी करायची आहे, वर पिठाचे डबे राहणार, तेव्हा विषारी औषध नको. आई म्हणते वाशांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल लाव. शेजारचे काका कडुनिंबावर अडून बसलेत.

रंधा (कुडाळ):
आज काहीच लावू नका. आधी ती ताडपत्री काढा.

ही बुरशी लाकडाचा धागा खात नाही, सालीकडच्या पांढऱ्या लाकडातली साखर आणि पिठूळ अंश खाते. तिचे तंतूच काळपट असतात आणि ते आत शिरतात, म्हणून रंधा हरतो. फणसाच्या पिवळ्या गाभ्याला हा त्रास होत नाही. आंबा मात्र बहुतेक पांढराच.

तिला जगायला ओल लागते. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली गेली की ती वाढायची थांबते. ओल्या फळीवर कडुनिंबाचं तेल चोपडलंत तर ते वरच राहतं आणि आतली ओल बाहेर पडायला उशीर होतो. वरून चकाकी, आत काळं. काकांना दुखवू नका, पण तेल वाळवीसाठी ठेवा.

फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या घाला, एकाखाली एक सरळ रेषेत, नाहीतर फळ्या वाकतील. पंखा लावा. चूल पेटत असेल तर तिच्यावरचा माळा सगळ्यात उत्तम, जुनी माणसं उगाच तिथे लाकूड ठेवत नव्हती.

वनस्पतीजन्यच हवं तर दालचिनीच्या पानांचं तेल. त्यात लवंगेतलंच युजेनॉल असतं, ते बुरशीला खरंच आवरतं. पण उडून जातं, आणि चालतं ते फळी कापली त्याच दिवशी लावलं तर. डाग पडल्यावर अत्तर लावल्यासारखंच!

होडीवाला:
काजूतेल होडीला, वाशांना झकास. पाटाला नको. बिब्ब्याच्याच कुळातलं आहे, हातावर फोड उठतात, आणि लाकूड काळंकुट्ट होतं ते वेगळंच.

देवगडी:
चूल नाही, गॅस आहे. पंखा लावला. डाग गेले नाहीत तर पाट रद्द का?

रंधा (कुडाळ):
डाग जाणार नाहीतच. रद्द कशाला? नुसत्या डागाने ताकद फारशी कमी होत नाही. नखाने दाबून बघा. नख रुतलं तर ती कूज, ती फळी चुलीवाल्याला द्या. बाकीच्यांची मांडणी करा, डागाळ बाजू भिंतीकडे. पाटासाठी गाभ्याजवळच्या फळ्या निवडा.

आणि पावसात सुतार बोलावू नका. एका फळीचा तुकडा वजनकाट्यावर ठेवत जा. श्रावणात वजन उतरायचं थांबल्यासारखं वाटेल, फसू नका, हवाच ओली असते तेव्हा. दिवाळीनंतर परत उतरायला लागेल. मग थांबलं की करवत लावा, वरून मधमाशीच्या मेणाचा हात.