कटआउट ‘उडाला’ की ‘पडला’?

गंगापूर रोडवरून:
थंडी वाढली आणि नेमका आमचा गिझर बंद. वायरमन आला, झाकण काढून एक बारीक बटण दाबलं आणि म्हणाला, “कटआउट पडला होता.” म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा गिझरमधला सुरक्षा स्विच. मी शेजारी सांगताना “कटआउट उडाला” म्हटलं, तर बाबांनी लगेच टोकलं, “उडाला असता तर नवीन लागला असता.” असा फरक खरंच आहे का?

सिडकोतून:
आहे, आणि जपण्यासारखा आहे. मी अंबडला मोटार वाइंडिंगचं काम करतो. उडतो तो फ्यूज. शाळेच्या पुस्तकातला ‘वितळतार’ हा शब्द किती नेमका आहे बघा. वितळली, संपली. इस्त्रीतला, राइस कुकरमधला थर्मल फ्यूज त्याच जातीचा. ठरलेल्या तापमानाला आतला भाग वितळतो आणि जोड कायमचा सुटतो. त्याला रिसेट नाही. तेवढ्याच तापमानाचा नवीन घालायचा. तार पिळून थेट जोडू नका, पुढे इस्त्री तापतच राहील.

कटआउटमध्ये काही वितळत नाही. आत बशीसारखी द्विधातूची चकती असते. दोन धातू तापले की सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ठरलेल्या तापमानाला चकती टक्‌कन उलटते आणि संपर्क तुटतो. गरम असताना बटण बसत नाही, पाणी निवू द्यावं लागतं. पडलेलं उचलता येतं, म्हणून ‘पडला’च बरोबर. एमसीबीलाही आपण ‘पडली’ म्हणतोच की.

पंचवटीहून:
आमची आई “मिक्सर दमला” म्हणते. चटणी वाटता वाटता बंद पडला की थोडं थांबायचं, मग खालचं लाल बटण दाबायचं.

सिडकोतून:
‘दमला’ फार आवडला! फ्रिजच्या कॉम्प्रेसरवरच्या ओव्हरलोडला, म्हणजे कॉम्प्रेसर फार तापला की वीज तोडणाऱ्या भागाला, तर तो जास्तच शोभेल. तो निवला की आपोआप जुळतो, बटण नाहीच. मात्र ज्या तापमानाला सुटतो त्याच तापमानाला जुळत नाही, बरंच खाली यावं लागतं. नाहीतर सारखी टकटक चालली असती.

गिझरला बटण मुद्दाम ठेवलेलं असतं. रोजच्या पाण्याचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. कटआउट पडला म्हणजे बहुधा थर्मोस्टॅटच चिकटलाय आणि पाणी तापतच राहिलंय, तेव्हा माणसानं येऊन बघावं. नुसतं ‘रिसेट केलं’ म्हटलं की हे बघणं राहून जातं.

गंगापूर रोडवरून:
तेच झालं. तिसऱ्या दिवशी परत पडला. आज थर्मोस्टॅट बदलून घेतला.